बाईचा आवाज मी काढला

आता तुम्ही चहाचा कप बाजूले सारून, जरा गंभीर तोंड करून बसले असान. मेल्या माणसावर लिहिलेलं वाचाचं म्हणजे तसंच बसा लागते. पहिले ‘विश्वासच बसत नाई’ येईन, मंग थोर होत्या, त्यागी होत्या, लेकरांची माउली होत्या, अन् शेवटी एक रिकामी खुर्ची. थांबा जी. निर्मलाबाईच्या, म्हणजे आमच्या शाळेतल्या बाईच्या, खुर्चीले बूडच नव्हतं. वेताचं विणकाम फाटून दोन वर्षं झाली होती, त्याच्यावर ड्रॉइंगचा बोर्ड टाकून त्या बसत. अन् त्यागी म्हणाल तं डब्यातलं आंब्याचं लोणचं त्यांनी कधी कोणाले चाखवलं नाई. मी मागतलं का म्हणत, “तुही जीभ पहिलेच मोकाट आहे, तिले आणखी चव लावू नोको, हूं?” तुम्हाले वाटून राह्यलं असन, मसखऱ्या पोट्टा आहे, हासवत हासवत आणन अन् शेवटी बाईच्या चितेपाशी रडवन. तसं नाई. चितेपाशी मी नव्हतोच. मले जे सांगाचं आहे ते त्याच्या बादचं आहे, अन् ते मी सोता केलेलं आहे.

बातमी आली तेव्हा मी सिरोंच्याले दोस्ताच्या लग्नात होतो. दुपारचं ऊन, मंडपात कूलर नुसते गरम हवा फेकून राह्यले होते, अर्धे पाहुणे तेलुगू बोलणारे, अर्धे आमच्यासारखे. माइक माह्या हातात, मिमिक्री चालू. दोन भाषेत भांडणारा कंडक्टर केला, बिघडलेली बोअरवेल केली, अन् मंग नेहमीसारख्या आमच्या बाई काढल्या. बाईचा आवाज काढाचा तं नाक अर्धं बंद करा लागते, जशी बारा महिने सर्दी, अन् वाक्याच्या शेवटी ‘हूं?’ असा सूर वर न्या लागते. तेलुगू पाहुण्याले शब्द समजत नव्हते पण त्या ‘हूं?’वर तेही हासत होते. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. रफीकभाऊ होते, आमच्या शाळेच्या पोरांचा ऑटो चालवते ते. म्हणे, “बाई गई रे. सुबे चाय पीते पीते. बस, गिर गई.” मी माइकमधी तसाच बोललो, “थांबा... आमच्या बाई गेल्या.” अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेवाची मावशी पोट धरून म्हणे, “हा पोट्टा कोणालेच सोडत नाई बापा!” मी दोनदा सांगतलं, खरंच गेल्या म्हणून. दोनदा हासले. मंग मी माइक खाली ठेवला अन् बसस्टँडवर गेलो. आल्लापल्लीवरून गाडी बदलत चंद्रपूरले पोचलो तवर सगळं आटोपलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, मयत ठेवता येत नाई.

मी या धंद्यात आलो तो काही सेवा-बिवा म्हणून नाई. राजुऱ्याले बारावी झालो, मार्क असे का कुठीच नंबर लागे ना, विशेष शिक्षणाच्या डिप्लोमाले जागा रिकामी होती, तिथी घुसलो. मंग कोरपन्याकडच्या एका छोट्या शाळेत लागलो. चार खोल्या, पंचवीस लेकरं. कोणी बोलत नाई, कोणाले झटके येतात, कोणाचे हातपाय ऐकत नाईत. बाई चंद्रपूरवरून रोज बसनं येत. पहिल्या दिवशी मी पायलले अक्षरं शिकवाले बसलो. नऊ वर्षांची पोट्टी, बोलत नाई, कोणाच्या डोळ्यात पाहात नाई. तिच्या गावाच्या बाजूले चुनखडीची खदान. रोज दुपारी आधी भोंगा वाजते, मंग सुरुंग उडते, घराच्या भिंती हालतात. तो भोंगा आमच्या शाळेतही ऐकू येते. वाजला का पायल टेबलाखाली, मनगट दाताखाली. मी दहा दिवस पाटी घेऊन मागं मागं फिरलो अन् शेवटी बाईले म्हटलं, “पोट्टी हट्टी आहे, बाई. ऐकतच नाई.”

बाईनं काही भाषण नाई दिलं. कोरोनाच्या टाइमले घराघरात आला होता तो बोटाले लावाचा चिमटा त्यांच्या पर्समधी राहे. तो पायलच्या बोटाले लावला. भोंगा वाजून अर्धा घंटा झाला होता, पोट्टी दिसाले शांत बसली होती, अन् चिमट्यावर नाडीचे ठोके एकशे एकेचाळीस. “तू ताडोब्यात चितळ पाह्यलं?” बाई म्हणे. “काडी मोडल्याचा आवाज आला का ते आधी पळते अन् मंग पाह्यते का होतं काय. तसा एक तुकडा तुह्या माह्या मेंदूतही आहे, पार खाली, बदामाएवढा. तो वरच्या शहाण्या मेंदूले इचारत बसत नाई. आपलं चितळ दोन मिनिटात थांबते. हिचं दिवसभर पळून राह्यते. पळणाऱ्याले तू क, ख शिकवून राह्यला, हूं?”

अन् मंग त्या थांबल्या. बाईची ही एक आदत होती... प्रश्न इचारला का समोरच्याचे पाच श्वास होईपर्यंत काहीच बोलाचं नाई. लेकरू असो का हेडसर. त्या म्हणत, आपल्या लेकरांचा निरोप मेंदूतून तोंडापर्यंत बैलगाडीनं येते, तुम्ही रस्त्यात दुसरा प्रश्न टाकला का गाडी वापस. मिमिक्रीत मले बाईचं सगळं जमलं, हे थांबणं कधीच नाई जमलं. स्टेजवर पाच श्वास थांबलं का लोकं चुळबुळ करतात.

मी त्यांची नक्कल करतो हे त्यांना माहीत होतं. एक दिवस डबा खाता खाता म्हणे, “माह्या आवाजाले टाळ्या किती पडतात गा?” मी म्हटलं, बोअरवेलपेक्षा जास्त. त्या खूश झाल्या, अन् त्याच दिवशी त्यांच्या डोक्यात आलं का या पोट्ट्याच्या तोंडाचा काही उपयोग करावं. म्हणे, “खदानीचा भोंगा काढता येते?” मी काढला. “हळू काढता येते? एकदम हळू, मच्छरासारखा?” तोही काढला. मी म्हटलं, मोबाइलवर रेकॉर्ड करू ना, मले कायले त्रास. तं म्हणे, “मोबाइलले लेकराचा हात दिसत नाई. तुले दिसन. तिचं बोट हाललं का तू थांबशीन.”

असं आमचं काम चालू झालं. पहिल्या महिन्यात मी दोन दारं सोडून, व्हरांड्याच्या टोकाले उभा राहून मच्छराएवढा भोंगा काढत होतो. बाई आत, पायलचं मनगट हातात, चिमटा बोटाले. आकडा चढे, बाई हात वर करत, मी चूप. आकडा शंभराच्या खाली येईपर्यंत वाट पाहाची, मंग वापस. रोज दहा मिनिटं. एक दार पुढं याले मले तीन आठवडे लागले. मी कटाळलो होतो, खोटं कायले बोलू. बाईले म्हटलं, चिमट्यात आकडा दिसतेच आहे तं तुम्ही मनगट काऊन धरून बसता? त्या म्हणे, “हा चिमटा किती ते सांगते. काऊन ते नाई सांगत. धावून आली, तापली, रागावली, भेली, सगळ्याचा आकडा एकच. काऊन ते आपल्याले बाजूले बसून पाहा लागते.” मी हो म्हटलं. तेव्हा मले ते समजलं असतं तं आज हे लिहा लागलं नसतं.

पाच महिन्यांनी मी त्याच खोलीत बसून अर्ध्या आवाजात भोंगा काढत होतो. एक दिवस पायल उठली, माह्याजवळ आली अन् तिनं माह्या गळ्यावर हात ठेवला. घाटीवर. मी भोंगा काढत राह्यलो, ती हातानं तो थरथरता गळा पाहात राह्यली. जसं काही विचारत होती, हे इतकं मोठं भेव तुह्या एवढ्याशा गळ्यातून निघते का. बाईनं मले डोळ्यानं सांगतलं, हालू नोको. माह्या आयुष्यात मले एवढी मोठी दाद कोणी दिली नाई.

अन् त्याच आठवड्यात मी माती खाल्ली. रफीकभाऊ ऑटोले टेकून, पाठमोरे, चहा पिऊन राह्यले होते. माह्या अंगात आलं. मागून गेलो, पूर्ण ताकदीनं खदानीचा भोंगा, अन् मंग ‘धडाम’ म्हणून ऑटोच्या टपावर थाप मारली. चहा त्यांच्या शर्टावर. “या अल्ला! कमीने!” म्हणून ते ओरडले, मी हासत सुटलो... अन् ऑटोतून आवाज आला. पायल आत होती. शाळा सुटली म्हणून आधीच जाऊन मागच्या सीटवर आडवी झाली होती. तिनं मनगट असं चावलं होतं का रक्त निघालं. चार दिवस शाळेत आली नाई. आली तं माह्यं तोंड पाहून भिंतीकडे वळली.

मले वाटलं, बाई आता सोलून काढतीन. त्यांनी मले समोर बसवलं अन् चिमटा माह्या बोटाले लावला. एकशे अठरा. “काऊन?” म्हणे. मी म्हटलं, “भेव वाटून राह्यलं. तुमचं.” “मी तं नुसती बसली आहे. बरं, या एकशे अठरात मले सतराचा पाढा म्हणून दाखव.” मी सतरा चोकवर अटकलो. त्या पाच श्वास थांबल्या. दहा थांबल्या. मंग म्हणे, “तुहं अर्ध्या घंट्यात उतरन. तिचं चार दिवस झाले, उतरलं नाई.” एवढंच. रागावल्या असत्या तं बरं झालं असतं. दोन महिने माह्या तोंडाले कुलूप. व्हरांड्यात पायलले दिसन असं, पाठ करून बसाचं, एकही आवाज काढाचा नाई. शाळेतल्या लोकांना वाटलं मले कावीळ झाली. मंग वापस मच्छरापासून, दोन दारं सोडून.

या मार्चमधी, शाळा सकाळची व्हाच्या आधी, एका दुपारी खरा भोंगा वाजला अन् पायल टेबलाखाली गेली नाई. उभी राह्यली. बाईची दोन बोटं तिच्या मनगटावर, कपाळावर घाम, पण उभी. सुरुंग उडला, खिडक्या वाजल्या. तिनं सोताच चिमटा घेतला, बोटाले लावला अन् आकडा उतरताना पाहात बसली, जसं दुसरं लेकरू टीव्ही पाह्यते. बाई फक्त “हूं” म्हणे. त्या दिवशी तो सूर वर गेला नाई. त्यानंतर तीन आठवड्यांनी बाई गेल्या.

बाई गेल्यावर पाचव्या दिवशी पायल शाळेत आली. बाईच्या खोलीच्या बंद दारासमोर जमिनीवर बसली. डबा उघडला नाई. पुढं मागं डुलत होती अन् गळ्यातून एकसारखा बारीक आवाज, मधमाशीसारखा. मले तो आवाज कुठून येते, कसा काढाचा, हे सगळं समजून राह्यलं होतं, फक्त तो काऊन येते ते समजलं नाई. मी चिमटा लावला. एकशे अडतीस. दहा वाजता एकशे अडतीस, अकरा वाजता एकशे चौतीस. हेडसर घाबरले. चांगला माणूस आहे, मनानं मऊ. मले बाजूले घेऊन म्हणे, “तू काढते ना बे बाईचा आवाज? दोन मिनिटं काढ. लेकरू जीव सोडन असं.”

मी नाई म्हटलं. मंग आणखी अर्धा घंटा तो बारीक आवाज ऐकला, अन् मी बाईच्या खोलीत गेलो. दार आतून लोटलं. ड्रॉइंगच्या बोर्डावर बसलो. नाक अर्धं बंद केलं. म्हटलं, “ये माय... बस माय. मी आहे इथी. हूं?” अन् थांबलो. पाच श्वास. पहिल्यांदा जमलं मले ते थांबणं. बाहेरचा बारीक आवाज बंद झाला. हेडसर दाराशी पुटपुटत होते, “एकशे चौदा... एकशे दोन... अठ्ठ्याण्णव! अठ्ठ्याण्णव आला रे!” तिनं अर्धी पोळी खाल्ली. अन् मले... कसं सांगू, बाईले जाऊन पाच दिवस झाले होते अन् मले आत बसून टाळ्या ऐकू येत होत्या.

मंग दार उघडलं. पायल आत आली. माह्याकडे पाह्यलंच नाई. कपाटामागं पाह्यलं. टेबलाखाली पाह्यलं. पडदा ओढला. मंग दुसऱ्या खोलीत, तिसऱ्या खोलीत, संडासात, पाण्याच्या टाकीमागं. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी कधी पाह्यलं नव्हतं, हासणं म्हणा. शाळा सुटली, रफीकभाऊ ऑटो घेऊन उभे, तिनं गेट धरून ठेवलं. दोन माणसं लागली सोडवाले. रफीकभाऊंनी मले इचारलं, “तूने किया क्या है?” मी म्हटलं, काही नाई.

दुसऱ्या दिवशी ती धावत आली अन् दाराले कान लावून बसली. हेडसर म्हणे, आणखी एकदा. मी आणखी एकदा काढला. तिसऱ्या दिवशीही काढला. आकडा मस्त होता, अठ्ठ्याऐंशी, नव्वद, आम्ही वहीत लिहिला. तिकडे घरी ती पाठीवरची बॅग उतरवत नव्हती, जेवत नव्हती, दारात उभी राहून शाळेच्या रस्त्याकडे पाहात होती, हे आमच्या वहीत लिहाले कोणी नव्हतं. भेलेलं चितळ आणि रडणारं लेकरू, दोघांचा आकडा एकच येते. बाईनं मले सांगतलं होतं. मी तिच्या दुःखाले बिमारी समजलो अन् खोटं बोलून ते उतरवलं. सात आठवडे झाले आता. सुट्ट्या लागेपर्यंत पायल शाळेत आलीच नाई. बाईनं तिले एका भोंग्यातून काढाले जवळजवळ सालभर लावलं, अन् मी तिले अशा आवाजात टाकून दिलं का ज्याच्यातून कसं काढाचं हे सांगणारी बाईच नाई. मी हप्त्यातून दोनदा त्यांच्या गावाच्या फाट्यापर्यंत जातो अन् तिले जे सांगाचं ते अजूनही न सांगताच वापस येतो.

मी पहिल्यांदा आवाज काढला त्याच्या चौथ्या दिवशी तिची माय आली. कापसात मजुरीले जाणारी बाई, आमच्यासमोर कधी पदर सोडून बोलली नाई. रफीकभाऊंच्या ऑटोतून उतरली अन् सरळ माह्यासमोर उभी राह्यली. हेडसर म्हणे, “बाई, आत बसा, पाणी घ्या.” तिनं त्यांच्याकडे मान वळवली नाई.

“तुम्हीच ना ते आवाज काढनारे?”

मी हो म्हटलं.

“माह्या पोट्टीले काही समजत नाई असं वाटलं का जी तुम्हाले? मी नेली होती तिले चंदरपूरले. दोन गाड्या बदलून. माहा दीर म्हणे असल्या लेकराले मयतीत कायले नेतं, लोकं काय म्हणतीन. मी म्हटलं, तिची बाई होती, तिले पाहू द्या. तिनं पायाले हात लावला. गार होते पाय. मंग गाल लावला. मंग तिनं सोताच ती पांढरी चादर ओढली अन् पाय झाकून देल्ले. तिनं झाकले, सर! घरी येऊन तीन दिवस रडली. आमच्यातलं माणूस गेलं तं आम्ही नाई का रडत? आम्हाले कोणी बोटाले चिमटा लावते का? चौथ्या दिवशी माह्या हातून दोन घास खाल्ले, म्हणून धाडली शाळेत. अन् तुम्ही तिले दाराआडून सांगतलं, मी आहे इथी.”

मी म्हटलं, “बाई, मी चांगल्यासाठीच—”

“चूप राहा! तुमचं चांगलं तुमच्याजवळ ठेवा. बोलत नाई म्हणून काय तिच्याशी काहीही बोलाचं? रात-दिवस बॅग लटकवून दारात उभी राह्यते ते. मी काय सांगू तिले, त्या चादरीखाली कोण होतं? एकदा सांगतलं होतं मी. लई मुश्किलीनं सांगतलं होतं. आता माह्यात ताकद नाई. दुसऱ्यांदा तिची बाई तुम्ही मारा. ते बसली आहे ऑटोत. जा. तिच्यासमोर उभे राहा, दाराआडून नाई. अन् सोताच्या आवाजात सांगा.”